निरंक

१६ जानेवारी २०१३, बुधवार

शिवकन्यानं आज माझी मान उंच केली!

अपंगत्वाच्या बोर्डापुढं एकदाही रडली नाही, एकदाही उठून पळाली नाही. नाव विचारलं तर नाव सांगितलं. चित्रं दाखवली — गाईला गाय म्हणाली, बादलीला बादली, छत्रीला मात्र ‘काठी’. आता आमच्या गावात दोन वर्षांत छत्री उघडलीय कुणी! बोर्डाच्या मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. अर्धा मार्क तरी दिला असेल.

सकाळी सहाला निघालो — मी, शिवकन्या आणि तिची आजी बायनाबाई. चौसाळ्यापर्यंत दुधाच्या टेम्पोत, पुढं एसटीनं बीड. पोरीचे आईबाप, बंकट आणि गीता, दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेत, ते आता पट्टा पडल्यावरच, कारखान्याचा हंगाम संपला की येतील. म्हणून फॉर्म, फोटो, रेशनकार्डाच्या नकला, सगळं मीच केलं. पोरगी अकरा वर्षांची. समज चार-पाच वर्षांच्या लेकराची, आणि वर फिट येतात. बोर्डानं टक्के लिहून दिले की मतिमंद मुलांचा सरकारी विमा मिळतो. औषधं, मेंदूच्या तपासण्या, बोलायला शिकवणारे डॉक्टर, सगळं त्यात. दिवाळीपासून एवढ्यासाठीच पळते आहे.

नुसती पळाले नाही. अंगणवाडी सुटली की रोज दुपारी तिला समोर बसवून घेतलं. बटण लावणं, केस विंचरणं, पाच बोटं मोजणं. दोन महिने! आज त्या मॅडमनी शेवटी मलाच विचारलं — बटणं स्वतः लावते? वेणी? अंघोळ? दुकानातून सामान आणते? मी प्रत्येकाला ठणकावून सांगितलं, ‘हो, करते.’ बायनाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. ती मान हलवत होती. उभी का आडवी, ते मी पाहिलं नाही.

येताना बसमध्ये पोरगी माझ्या मांडीवर झोपली. अधिकाऱ्यापुढं गावाची लाज राखली म्हणायची!

१७ जानेवारी

अंगणवाडीत बत्तीस लेकरं, टँकर नाही, खिचडी शिजवायला पाणी दूध संस्थेच्या मोहनरावांच्या घरून आणलं. पण दिवसभर मन खुशीत.

२४ जानेवारी

रामकिसनचा फोन आला. हा बीडला बोर्डाचे कागद बघतो, तरुण आहे, लोकांशी नीट बोलतो. म्हणाला, ‘बाई, शिवकन्याचं प्रमाणपत्र झालं. पंचवीस टक्के.’

मी म्हटलं, वा! पंचवीसच? म्हणजे आजार थोडाच आहे की.

मग त्यानं समजावून सांगितलं. विम्याला कमीत कमी चाळीस टक्के लागतात. बुद्धीचा आकडा सत्तरच्या आत आला तर पन्नास टक्के लिहितात, सत्तरच्या वर गेला तर पंचवीस. शिवकन्याचा आला बहात्तर. ‘तीन गुण कमी पडायला पाहिजे होते, बाई.’

गुण कमी पडायला पाहिजे होते! जन्मात असलं वाक्य ऐकलं नव्हतं.

मग त्यानं हळूच विचारलं, ‘तुम्ही सांगितलं, ती सगळं स्वतः करते. खरंच करते का?’

मी म्हटलं, मी समोर बसून एक-एक सांगितलं की करते.

‘आणि तुम्ही नसल्यावर?’

फोन ठेवला. मी नसल्यावर बायनाबाई तिला अंघोळ घालते. दुकानात ती एकटी कधीच गेली नाही. वेणी मी घालते, ती फक्त रिबीन धरते. मला हे सगळं माहीत होतं. त्या खुर्चीवर बसले तेव्हाही माहीत होतं.

मग ‘करते’ का म्हणाले?

२५ जानेवारी

काल झोपण्याआधी डोक्यात आलं ते लिहून ठेवते. सुपरवायझर मॅडम तपासणीला येणार म्हटलं की आम्ही सेविका काय करतो? आदल्या दिवशी लेकरांच्या डोक्याला तेल. जे पोरगं घडाघडा गाणं म्हणतं ते पुढच्या रांगेत. ज्याचं नाक वाहतं, जे रडकं आहे, जे नुसतं बघत बसतं — त्याला त्या दिवशी सुट्टी. आईला सांगायचं, उद्या पाठवू नको गं. सत्तावीस वर्षं हेच केलं. अधिकारी दिसला की चांगलं तेवढं पुढं करायचं, हे हाताला इतकं बसलंय की बोर्डापुढंही तेच केलं. तिथं पोरगी किती चांगली आहे ते नाही, तिला किती मदत लागते ते सांगायचं होतं.

माझ्याइतकी हुशार बाई तालुक्यात नाही, असं सगळे म्हणतात. जळो ती हुशारी.

३ फेब्रुवारी

सुनेचा फोन, पुण्याहून. मंजुळाचं एकच पालुपद — ‘आई, ओवी हाक मारली तर बघत न्हाई. तीन वर्षांची झाली.’ म्हटलं, अगं, खेळात असते. ‘आई, एकदा तुमी नीट—’ म्हटलं, मंजुळा, सत्तावीस वर्षं लेकरं बघते मी. नातीला काही नाही. दिवाळीत आली होती तेव्हाही पर्समधून कसलातरी कागद काढायला लागली, म्हटलं, ठेव तो कागद, पुण्याचे डॉक्टर पैसे उकळायला काहीही लिहितात.

आजकालच्या पोरींना धीरच नाही.

१२ फेब्रुवारी

बायनाबाईकडं गेले होते. चुलीशेजारी दगडावर ती विळीनं गोळ्या कापत होती. शिवकन्याच्या फिटच्या गोळ्या — एकीचे दोन तुकडे.

‘हे काय, बायनाबाई?’

‘मंग काय करू बाई? दवाखान्यात गेलं की म्हनत्यात संपल्या, पुढल्या हप्त्यात या. हप्त्यात गेलं की भायेरून आना म्हनत्यात. गीता येस्तवर पुरवायच्या हायत.’

विमा असता तर बाहेरच्या गोळ्याही मिळाल्या असत्या. हे तिला मी सांगितलं नाही. तिनंच विचारलं, ‘त्या कार्डाचं काय झालं, बाई?’ म्हटलं, व्हायचंय अजून.

खोटं बोलायची इतकी सवय झालीय!

२६ फेब्रुवारी

टँकरपाशी शिवकन्याला फिट आली. सगळ्या बाया घागरी घेऊन तुटून पडलेल्या, पोरगी आजीचा पदर धरून उभी होती, ती तशीच मागं पडली. टँकरच्या नळाच्या लोखंडावर तोंड आपटलं. पुढचा दात पडला, ओठ फाटला. मी पोचले तेव्हा बायनाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि भरलेली घागर शेजारी सांडून गेली होती. बाया तिला जागा करून देत होत्या, पण नळ कुणी सोडला नाही. मी कुणाला बोलले नाही. त्यांच्या जागी मीही सोडला नसता.

पोरीनं शुद्धीवर आल्यावर मला बघितलं. रक्तानं भरलेल्या हातानं झग्याचं बटण लावून दाखवलं.

५ मार्च, मंगळवार

चारा छावणीत गेले होते, तिथल्या लेकरांची वजनं करायला. मोहनरावांच्या सहकारी दूध संस्थेनं छावणी चालवलीय, माळावर, साडेसातशे जनावरं. जनावरं तिथं म्हणून माणसंही तिथंच. बाजा, चुली, लेकरं, सगळं कडब्याच्या सावलीला. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला. जनावरांचा डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी जागेवर येतो. न सांगता!

धुळाजीची गाय रवंथ करत नव्हती. डॉक्टर आला, गाईकडं एकदा पाहिलं आणि सरळ धुळाजीशेजारी उकिडवा बसला. ‘काल सकाळपासून सांग. कधी उठली? किती खाल्लं? पाणी प्याली का? शेण कसं?’ धुळाजी सांगत होता, डॉक्टर लिहीत होता.

मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, गाय तपासायची सोडून याला काय विचारता?

तो हसला. ‘बाई, मला बघून गाय ताठ उभी ऱ्हाते. अनोळखी मानूस आलं की जनावर दुखनं लपवतं. खरं त्याच्याजवळ ऱ्हाणाऱ्यालाच ठाऊक.’

मी वजनकाटा तिथंच ठेवला आणि कडब्याच्या पेंढीवर बसले.

बैलाला डॉक्टर माळावर येतो. आमच्या पोरीला मात्र उपाशीपोटी दोन गाड्या बदलून बीडला जायचं, अनोळखी खोलीत बसायचं, आणि तिचं दुखणं विचारायचं कुणाला, तर माझ्यासारख्या लबाड बाईला!

८ मार्च

आज महिला दिन. तालुक्याला सत्कार होता, गेले नाही. रामकिसनसाठी अर्ज लिहीत बसले. पहिला फाडला, त्यात शिव्या फार होत्या. दुसरा फाडला, त्यात रडगाणं फार. तिसऱ्यात एवढंच लिहिलं — बोर्ड बीडला न बसता एकदा छावणीवर बसावं, कारण आमच्या भागातली माणसं सध्या तिथं आहेत. बोर्ड उन्हाळ्यात बसावं, कारण ऊसतोडीची माणसं तेव्हाच घरी असतात. आणि ‘करते का’ असं विचारू नये. जी बाई लेकराला रोज सांभाळते तिला विचारावं, की कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत कसा गेला.

जनावरांच्या डॉक्टरचं नाव लिहिलं नाही. बोर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना राग यायचा.

१४ मार्च

मोहनराव म्हणाले, ‘बोर्डाला मांडव आमचा, चहा आमचा. पन पाहुने येतील का, बाई? आमच्या संस्थेचं ऑडिट करायला कुनी येत न्हाई!’ स्वतःच मोठ्यानं हसले. बोलण्यात फटकळ, पण शब्दाला जागतो माणूस.

२१ मार्च

बंकट आणि गीता आले. यंदा उसातच दम नव्हता, कारखाना महिनाभर आधी बंद झाला. गीताचे हात कोयत्यानं आणि पाचटानं कापून-कापून चामड्यासारखे झालेत. ट्रॅक्टरमधून उतरली ती थेट पोरीच्या पडलेल्या दाताकडं बघत राहिली.

मी तिला सगळं सांगून टाकलं. बोर्डात मी काय बोलले, टक्के का गेले, कार्ड का नाही. म्हटलं, शिव्या दे मला.

ती म्हणाली, ‘शिव्या कावून देऊ, बाई? तुमी तिचं चांगलंच सांगितलं की. तिचं चांगलं सांगणारं दुसरं हाय कोन?’

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली, साखरेची गाठी बांधली. अंघोळीला एक तांब्या पाणी, तेही तिघींत. मंजुळा ओवीला घेऊन आलीय, चार दिवस राहणार. बद्रीला, माझ्या लेकाला, कंपनीनं सुट्टी दिली नाही.

ओवी गुणी आहे. किरकिर नाही, हट्ट नाही. स्वयंपाकघरातल्या वाट्या घेतल्या आणि ओळीनं मांडत बसली. भिंतीपासून दारापर्यंत. कुणी एक वाटी सरकवली की किंचाळते, तेवढंच. मंजुळानं मागून चार हाका मारल्या. म्हणाली, ‘बघा आई. बघितलं का?’

म्हटलं, वेळ लागतो एकेकाला. तुझा नवरा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.

खरं तर अडीचला बोलला असेल. एवढं कुणाला आठवतंय!

२ मे

मंजूर! रामकिसनचा फोन. बोर्ड येणार — २३ मे, गुरुवार, छावणीवर. एकदाच, बघायला म्हणून. जमलं तर पुढं दुसऱ्या तालुक्यांत. आणि विचारायची पद्धतही मानली साहेबांनी! कालचा दिवस सांभाळणाऱ्या बाईनं सांगायचा. ‘तुमचा अर्ज साहेबांनी दोनदा वाचला, बाई.’

गीताला सांगायला पळत गेले. या वयात.

मग त्याचा परत फोन. एक अट आहे. ज्यांचं प्रमाणपत्र आधी झालंय, त्यांचं परत बघायचं तर लहानपणापासून दुखणं असल्याचा सरकारी पुरावा हवा. ‘अवघड नाही. तुमच्या अंगणवाडीच्या वहीत असेलच की नोंद. ती घेऊन या.’

म्हटलं, बरं.

४ मे

पेटी उघडली. कुटुंब पाहणीच्या जुन्या वह्या. दर वर्षी घरोघर फिरून भरायच्या — माणसं किती, गरोदर किती, लेकरं किती. शेवटचा रकाना अपंगत्वाचा. रकाना रिकामा ठेवायचा नाही. काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. माझ्या वह्यांत पानामागून पान निरंक. वर एकदा लिहायचं आणि खाली नुसत्या टिकल्या ओढायच्या.

२००५ ची वही. शिवकन्या तीन वर्षांची. बंकटच्या नावापुढं मी आधी खरं लिहिलं होतं, माझंच अक्षर — ‘मुलगी, वय ३. हाक मारल्यास पाहत नाही. बोलत नाही. एकटीच वस्तू ओळीत मांडत बसते.’ त्यावर आडवी रेघ. शेजारी — निरंक.

आठवलं सगळं. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या होत्या, ‘अहो, एका गावात एक निघालं की वरून शंभर प्रश्न येतात. नीट बघा परत.’ आणि त्याच हप्त्यात बायनाबाई दारात येऊन ओरडली होती, ‘माझ्या नातीला येडी लिव्हलं व्हय? उद्या तिला सोयरीक कोन देईल?’ दोघींनी नुसतं म्हटलं होतं. रेघ मी ओढली. त्या वयात उपचार सुरू झाले असते तर आज ती किती बोलली असती, देव जाणे. सहाव्या वर्षी पहिली फिट आली तेव्हाही त्या वर्षीच्या वहीत माझ्या दोन टिकल्याच आहेत.

वही मिटली. पुढं वाचवलं नाही.

७ मे

मोहनरावांना दाखवली. त्यांनी वही डोळ्यांपासून लांब धरून वाचली, परत दिली. ‘सोपं हाय. वाळवीनं खाल्ली म्हना! आमच्या संस्थेचं निम्मं दप्तर वाळवीनंच खाल्लंय. मंग पुरावा मागनार कुनाला? सरपंचाचा दाखला जोडू.’

म्हटलं, आणि मी?

‘तुमी काय? तुमचं कुनी नावसुदीक घेनार न्हाई. वही दाखवली तर मात्र तुमीच खोट्या ठरता. नोकरी ऱ्हाईल का, बाई?’

मानधन किती मिळतं ते मला ठाऊक आहे, त्याचं एवढं नाही. पण मला गावात ‘बाई’ म्हणतात. लग्नाची बोलणी ठरवायलासुद्धा बोलावतात. ते जाईल.

१५ मे

वाळवी. वही. वाळवी. वही. आज खिचडीत मीठ दोनदा टाकलं.

२२ मे

वही पिशवीत ठेवली आहे. काढायची इच्छा तीनदा झाली.

२३ मे, गुरुवार

जमेल तसं सगळं लिहिते.

मांडव छावणीच्या मधोमध. एका बाजूला बैल, एका बाजूला बोर्ड. मोठे डॉक्टर, जानेवारीतल्या त्याच तरुण मॅडम आणि रामकिसन. आजूबाजूच्या गावांतून छत्तीस लेकरं आली. आमच्या भागात एवढी आहेत, हे मलासुद्धा माहीत नव्हतं. माझ्या वह्यांना कुठून माहीत असणार!

शिवकन्याचा नंबर अकरावा. मॅडम खाली सतरंजीवर बसल्या, गीतासमोर. ‘काल सकाळी उठल्यापासून सांगा.’

गीतानं पोरीला जवळ ओढलं. मग मुंडी खाली घालून सांगायला लागली. ‘म्याच उठिवते. परसाकडला हात धरून नेते, न्हाई तर कपडे भरिवती. आंगूळ म्याच घालते. बटनं लावती कदी-मदी, पन उलटी-सुलटी. भाकर मोडून द्यावी लागती. चुलीपाशी एकलं सोडत न्हाई. झोपताना तिच्या पायाला माजा पदर बांदते, फिट आली की मला कळावं म्हून.’ इतकी वर्षं शेजारी राहून पदर बांधायचं मला माहीत नव्हतं.

मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. शिवकन्याला दिसले. तिचा चेहरा फुलला. लगेच झग्याची बटणं लावायला लागली, वरून खाली, एक-एक, जशी मी शिकवली तशी. ‘बाई, बगा. बाई!’

मी बघितलं नाही. बैलांकडं तोंड केलं. तिनं आणखी दोनदा हाक मारली. मी तोंड फिरवलं नाही.

मग मोठ्या डॉक्टरांनी पुराव्याचं विचारलं. मी पिशवीतून वही काढली, पान उघडून टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. ‘इथं तर निरंक लिहिलंय, बाई.’

‘खोटं आहे, साहेब. रेघेखालचं वाचा. ते खरं आहे.’

‘कुणी खोडलं?’

‘मीच.’

बायनाबाई मागून उठली आणि म्हणाली, ‘मी भांडले होते, साहेब. मला काय कळतंय? मला वाटलं, लिव्हल्यानं लागतंय.’ डॉक्टरांनी पान उजेडाकडं तिरकं धरलं. रेघेखालची अक्षरं वाचता येत होती. त्यांनी रामकिसनला पानाची नक्कल काढायला सांगितली, आणि मला विचारलं, ‘आणखी कुणाचं असं खोडलंय का?’

‘नाही, साहेब. हिचंच.’

तोंडातून असं सटकन गेलं, जसं जानेवारीत ‘करते’ गेलं होतं.

पन्नास टक्के. कार्ड महिनाभरात येईल. गीतानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि मला विचारलं, ‘हे चांगलं का वाईट, बाई?’ म्हटलं, चांगलं.

२४ मे

शिवकन्या अंगणवाडीकडं आली नाही. मी घरी गेले तर बाजेखाली जाऊन बसली. गीता म्हणाली, ‘रुसली हाय. कालपासून बटनं उघडी टाकून फिरती.’

२७ मे

‘कारणे दाखवा’ची नोटीस आली. वाचून पेटीवर ठेवली आणि पेटीच उघडली. सगळ्या वह्या काढल्या. पेटीत उरलेल्या, एकवीस वर्षांच्या. रेघ ओढलेली फक्त शिवकन्याच. बाकीच्यांना रेघही मिळाली नाही, मी आधीच निरंक लिहून मोकळी. पण चेहरे आठवतात की! तपासणीच्या दिवशी ज्यांना सुट्टी देत होते, ती लेकरं आठवत गेले. आश्रुबाचा थोरला. वत्सलाबाईची धाकटी. सरस्वतीबाईची जुळी, दोन्ही. आणखी तिघं. सात नावं झाली. दोघं आता या जगात नाहीत.

रामकिसनला नावं लिहून पाठवते. साहेबांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले, हेही वर लिहिलं आहे.

चिठ्ठी बंद करायच्या आधी वाटलं, तपासणीच्या दिवशी मी आणखी कुणाला मागं बसवलं असतं? मग आठवं नाव लिहिलं. हाक मारल्यास पाहत नाही. एकटीच वाट्या ओळीत मांडत बसते. वय ३.

२९ मे

मंजुळाला फोन लावला. म्हटलं, ओवीला घेऊन ये, आपण दाखवू. बद्री अडीच वर्षांचा असताना घडाघडा बोलत होता. चार म्हणाले ते खोटं होतं.

मंजुळा म्हणाली, ‘आई, दिवाळीतला तो कागद त्याचाच होता. डॉक्टरनी लिवलं होतं, एक दिवस घालवू नका. तुमी म्हणलात, सत्तावीस वर्षं लेकरं बघते, नातीला काही न्हाई. लई बरं वाटलं आमाला. घरी येऊन फाडून टाकला.’